सीमाभागात राहून हायस्कूलचे इंग्लिश टीचर व्हायचंय? मग बी.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली मराठी शाळेत शिकलेली बरीच मुलं-मुली विचारत असतात की इंग्लिशचं टीचर व्हायचं तर नेमकं काय करायचं, बी.एड. इथं करायचं का कोल्हापूरला जायचं, टीईटी (टीचर होण्यासाठीची पात्रता परीक्षा) कुठली द्यायची, कन्नड धड येत नाही तर चालतंय का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. लांब झालंय, पण अर्धवट वाचून फॉर्म भरू नका.

पहिलं म्हणजे मराठी मीडियममधून शिकलो म्हणून आपण इंग्लिश शिकवू शकणार नाही हे डोक्यातून काढून टाका. आपल्या शाळांना असेच टीचर पाहिजेत ज्यांना मराठी घरातलं पोर इंग्लिश वाक्य बोलताना कुठं अडकतंय ते कळतं. फक्त त्यासाठी तयारी लवकर सुरू करावी लागते, आणि ती बी.एड.ला नाही, बी.ए.च्या ॲडमिशनलाच सुरू होते.

बी.ए.ला ऑप्शनल इंग्लिश घ्या. सगळ्यांना असतं ते कंपल्सरी इंग्लिश वेगळं आणि मेजर विषय म्हणून घेतलेलं इंग्लिश वेगळं, पुढं बी.एड.ला इंग्लिश मेथड (म्हणजे इंग्लिश कसं शिकवायचं हा विषय) मागताना आणि नोकरीच्या जाहिरातीत दोन्हीकडं हेच बघतात की डिग्रीला इंग्लिश विषय म्हणून होतं का. कॉलेजमध्ये ऑप्शनल इंग्लिशला पोरं कमी असतात, अवघड जातंय म्हणून सगळे हिस्टरी-सोशिऑलॉजीकडं पळतात, तुम्ही पळू नका. दुसरा विषय मात्र हिस्टरी किंवा जिऑग्राफीसारखा ठेवा, त्याचं कारण खाली टीईटीत येईल. आणि मार्क्स. एनसीटीई म्हणजे टीचर ट्रेनिंगला मान्यता देणारी केंद्राची संस्था, तिच्या २०१४ च्या नियमांप्रमाणं बी.एड.ला डिग्रीत किंवा पी.जी.त किमान ५० टक्के लागतात, रिझर्व्हेशनवाल्यांना सूट असते, पण कर्नाटकात सरकारी कोट्यातली सीट मेरिटवर मिळते, म्हणजे डिग्रीचा एकेक टक्का मोजला जातो. ५० वर थांबलात तर मॅनेजमेंट सीटचे पैसे भरायची वेळ येते.

आता बी.एड. कुठं. कर्नाटकात सरकारी कोट्याची ॲडमिशन बेंगळुरूच्या सेंट्रलाइज्ड ॲडमिशन सेलमार्फत होते, ऑनलाइन फॉर्म, मग कागदपत्रांची तपासणी, मग कॉलेजचे ऑप्शन. आपल्या भागातली कॉलेजं राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीखाली येतात, ही युनिव्हर्सिटी २०१० मध्ये झाली, त्याआधी सगळं धारवाडला होतं. फॉर्मपेक्षा कागदांत जास्त पोरं अडकतात म्हणून हे नीट ऐका. कास्ट आणि इन्कम सर्टिफिकेट नाडकचेरीतून (महसूल खात्याचं आपल्याकडचं ऑफिस) काढा आणि त्यावरचा आरडी नंबर चालू आहे का बघा. स्टडी सर्टिफिकेट आणि रुरल सर्टिफिकेट शाळेच्या हेडमास्तरांची सही घेऊन पुढं बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसला नेऊन काउंटरसाइन करून घ्यावं लागतं. आपल्या जिल्ह्यात शिक्षण खात्याचे दोन भाग आहेत, बेळगाव वेगळा आणि चिकोडी वेगळा, निपाणी-अथणी-रायबाग-हुक्केरीवाल्यांचं काम चिकोडीकडं आणि खानापूर-बैलहोंगलवाल्यांचं बेळगावकडं, उगाच बस पकडून चुकीच्या ऑफिसला जाऊ नका. रुरलचा फायदा पहिली ते दहावी खेडेगावात शिकलेल्यांना असतो, मराठी शाळेत शिकलात म्हणून तो जात नाही, तो सोडू नका. कन्नड मीडियमचं रिझर्व्हेशन मात्र आपल्याला लागू होत नाही, त्या रकान्यात टिक करू नका, नंतर फॉर्मच अडकतो.

ज्यांनी अकरावी-बारावी किंवा डिग्री चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडं केली त्यांनी जास्त सावध राहायचं. निपाणीच्या बऱ्याच पोरांना हे लक्षात येत नाही की अर्जुननगरचं देवचंद कॉलेज निपाणीला चिकटून असलं तरी ते कोल्हापूर जिल्ह्यात आहे आणि शिवाजी विद्यापीठाचं आहे. तिथून डिग्री घेऊन इकडं बी.एड. करायचं तर मायग्रेशन आणि इलिजिबिलिटी सर्टिफिकेट लागतंच, रिझल्ट लागला की लगेच अर्ज टाका.

महाराष्ट्रात बी.एड. करायचं तर आधी तिकडच्या सरकारच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा. त्यात मेंटल ॲबिलिटी, जनरल नॉलेज आणि टीचर ॲप्टिट्यूड असे भाग असतात, आणि इंग्लिशसाठी वेगळी ईएलसीटी म्हणून परीक्षा असते, तिचा ऑप्शन फॉर्म भरतानाच निवडायचा. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या ॲडमिशनच्या नियमांत वेगळी तरतूद असते, माहितीपुस्तिका पूर्ण वाचून आपण कुठल्या प्रकारात बसतो ते बघूनच फॉर्म भरा, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका. मग इकडं का तिकडं? माझं मत विचाराल तर नोकरी जिथं करायची आहे तिथं बी.एड. करा. डिग्री दोन्हीकडं चालते, पण इंटर्नशिपमध्ये ज्या राज्याची पुस्तकं, ज्या राज्याची परीक्षा पद्धत हाताखालून जाते ती पुढं उपयोगी पडते. इथं एफए-एसएची पद्धत आहे, म्हणजे वर्षभर छोट्या चाचण्या आणि सत्राला मोठी परीक्षा, लेसन प्लॅन फाइव्ह-ई म्हणजे पाच पायऱ्यांच्या पद्धतीनं लिहायला लावतात, हे सगळं तिकडं शिकून आलेल्याला परत शिकावं लागतं.

आणखी एक रस्ता आहे तो बारावीतल्या पोरांनी तरी बघावा. म्हैसूरला एनसीईआरटीचं रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन आहे, १९६३ पासूनचं, तिथं बी.ए. आणि बी.एड. एकत्र चार वर्षांत होतं. असल्या इंटिग्रेटेड कोर्ससाठी एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था एनसीईटी नावाची प्रवेश परीक्षा घेते. आपल्याकडून फार कमी पोरं जातात, कारण बारावीला कुणी सांगतच नाही. घरात बारावीचं पोर असेल तर आजच सांगा.

आणि हे मी जीव तोडून सांगते, घरबसल्या बी.एड. म्हणून कोण एजंट आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. हजेरी नको, परीक्षेला फक्त जाऊन या, दुसऱ्या राज्यातलं कॉलेज आहे, असलं काही ऐकलं की समजायचं. बी.एड. दोन वर्षांचं असतं, नियमानं थिअरीला ८० टक्के आणि इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. इग्नूचं डिस्टन्स बी.एड. खरं आहे पण ते आधीच ट्रेनिंग झालेल्या टीचरांसाठी आहे, नुसत्या बी.ए.वाल्यांसाठी नाही. कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे का हे एनसीटीईच्या वेबसाइटवर पाच मिनिटांत कळतं. शेत गहाण ठेवून भरलेले पैसे असे गेले की आईवडील खचतात ओ.

बी.एड.च्या दोन वर्षांत काय असतं? सायकॉलॉजी, फिलॉसॉफी वगैरे पेपर नोट्स वाचून होतात, त्यावर फार लिहीत नाही. खरं शिक्षण मायक्रोटीचिंग आणि इंटर्नशिपमध्ये. मायक्रोटीचिंगमध्ये एकच स्किल घेऊन सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं सगळे चुका सांगणार, बारा मिनिटांत प्लॅन बदलायचा, परत सहा मिनिटं शिकवायचं आणि परत सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. मैत्रिणीच विद्यार्थी होऊन बसलेल्या असतात म्हणून हसण्यावारी नेतात सगळे, तसं करू नका, प्रश्न विचारायचं स्किल तिथंच पक्कं झालं तर झालं. इंटर्नशिप मिळून २० आठवड्यांची असते आणि जमलं तर त्यातला काही भाग मराठी मीडियमच्या शाळेत मागून घ्या. शहरातल्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत सगळं गुळगुळीत जातंय, पोरं आधीच बोलतात, तुम्हाला काही कळणारच नाही. जांबोटीकडच्या किंवा कुद्रेमनीकडच्या शाळेत नववीचं पोर तुमच्याकडं बघत गप्प बसलं की मग कळतं शिकवणं काय असतं.

त्या गप्प बसलेल्या पोराचं काय करायचं हे पुस्तकात कमी असतं म्हणून इथं जरा थांबते.

आपली पोरं शब्द पाठ करतात, स्पेलिंग येतात, पण वाक्य होत नाही, कारण क्रियापद शेवटाला ठेवायची सवय आहे, मराठीतही आणि गल्लीत बोलतात त्या कन्नडमध्येही. मी आंबा खाल्ला, नानु माविनहण्णु तिंदे, दोन्हीकडं खाणं शेवटी. इंग्लिशमध्ये ते मध्ये येतं. हे नियम म्हणून सांगू नका, वाक्याचे तुकडे पुठ्ठ्यावर लिहा आणि पोरांनाच हातात धरून उभं करा, क्रियापदवाल्याला मध्ये यायला लावा. प्रश्नाचं पण तेच, व्हेअर यू आर गोइंग असंच सगळी म्हणतात, तिथं आर आणि यू धरलेल्या दोघांना जागा बदलायला लावायची. एकदा पायानं चाललेलं पोर विसरत नाही.

मग टेन्स. प्रेझेंट परफेक्टला सगळे घाबरतात, टीचरपण घाबरतात, पण मराठी मुलाला ते घरीच येत असतं. मी जेवलो आणि मी जेवलोय यातला फरक त्याला सांगावा लागत नाही. जेवलो म्हणजे आय एट, जेवलोय म्हणजे आय हॅव ईटन, तिथून सुरू करा, वर्ग लगेच उजळतो. फक्त एक सांगून ठेवायचं की काल, परवा असा वेळ वाक्यात आला की इंग्लिशमध्ये हॅव ईटन चालत नाही, मराठीत काल आलोय असं आपण बिनधास्त म्हणतो म्हणून ती चूक हमखास होते. आर्टिकल मात्र मराठीत नाहीतच, ही इज टीचर असंच येणार, त्याला नियमांची यादी देऊन उपयोग नाही, रोज ऐकवून ऐकवूनच ए, ॲन, द कानात बसतात, वर्षभर धीर धरायचा. उच्चारात एक फायदा आपल्याकडं आहे, ॲ आणि ऑ मराठीत आलेत त्यामुळं पेन आणि पॅन, बॉल आणि बाल हे आपल्या पोरांना पटकन जमतं. अडतं ते पुल आणि पूलला, शिप आणि शीपला, आणि जोर कुठल्या अक्षरावर द्यायचा त्याला. फोटोग्राफ म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर आणि फोटोग्राफर म्हणताना दुसऱ्यावर, हे टाळी वाजवून करून घ्या.

वर्गात मराठी बोलायचं का नाही यावर बी.एड. कॉलेजात फार भांडणं होतात. डायरेक्ट मेथडवाले म्हणतात एक शब्द नको. मी म्हणते अर्थ कळायला एक वाक्य मराठी बोला आणि लगेच इंग्लिशवर या, पण सूचना सगळ्या इंग्लिशमध्ये, ओपन युवर बुक्स, वर्क इन पेअर्स, हू इज ॲब्सेंट टुडे, हे रोज तेच तेच ऐकून आठवीतलं पोर दिवाळीपर्यंत न सांगता समजायला लागतं. अख्खा धडा मराठीत सांगून शेवटी उत्तरं फळ्यावर लिहून द्यायची ही पद्धत आपल्या भागात अजून चालते, त्यानं पास होतील पण बोलणार नाहीत. तुम्ही तसं करू नका.

अभ्यासात टास्क बेस्ड टीचिंग म्हणून प्रकरण असतं, ते पाठ करून सोडू नका. ते आपल्याच राज्यातून जगभर गेलंय, १९७९ पासून पाच वर्षं एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत हा प्रयोग केला आणि आज जगात त्याला बेंगलोर प्रोजेक्ट म्हणतात. कल्पना सोपी, व्याकरण शिकवत बसायचं नाही, पोरांना एक काम द्यायचं आणि ते काम इंग्लिशमधून करताना भाषा येते. आपल्याकडं करायचं तर लोंढा जंक्शनचं टाइमटेबल वर्गात लावा, बेळगावहून निघून गोव्याला दुपारच्या आत पोचायचंय तर कुठली गाडी, लोंढ्याला किती वेळ थांबावं लागेल, गाडी चुकली तर पुढची कुठली, असे प्रश्न इंग्लिशमध्ये. नाहीतर बसस्टँडचा बोर्ड घ्या, खानापूर-नंदगड-हल्याळ. पोरं भांडायला लागतात कुठली बस बरी म्हणून, आणि भांडताना बोलतात.

स्वतःचं इंग्लिश सुधारायचं काम बी.एड. संपेपर्यंत रोज चालू ठेवा. मोठ्यानं वाचा, रोज, घरचे काय म्हणतील ते म्हणोत. फोनमधल्या डिक्शनरीत उच्चार ऐकायची सोय असते, शंका आली की तिथंच ऐका. बीबीसी लर्निंग इंग्लिश फुकट आहे. दोघी-तिघी मैत्रिणींनी ठरवून कॉलेजच्या बसमध्ये फक्त इंग्लिश बोलायचं ठेवलं तर क्लासला पैसे भरावे लागत नाहीत. पुढं नोकरी लागल्यावर बेंगळुरूचं रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश आहे ज्ञानभारतीत, टीचरांना इंग्लिश शिकवायचं ट्रेनिंग देतात, खात्याकडून नाव पुढं आलं तर नाही म्हणू नका.

आता टीईटी. कायद्यानं पहिली ते आठवीला शिकवायला टीईटी लागतेच. कर्नाटकात पेपर १ पहिली ते पाचवीसाठी आणि पेपर २ सहावी ते आठवीसाठी, आपल्याला पेपर २. १५० प्रश्न, १५० मार्क्स, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. चाइल्ड डेव्हलपमेंट ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३०, आणि ६० मार्क्स गणित-विज्ञान नाहीतर सोशल सायन्स. इंग्लिशवाल्यांनी सोशल सायन्स घ्यायचं, म्हणूनच वर म्हटलं की डिग्रीला हिस्टरी-जिऑग्राफी ठेवा. पास व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० मार्क्स. एससी, एसटी, कॅटेगरी १ आणि दिव्यांगांना ५५ टक्के. मराठा समाज कर्नाटकात ३बी या मागासवर्गीय गटात आहे आणि ३बी ला इथं सूट नाही, रिझर्व्हेशन आहे म्हणून ५५ चा हिशेब धरून बसू नका. भाषांमध्ये मराठीचा ऑप्शन असतो, पण तुम्हाला कुठल्या पोस्टला जायचंय ते बघून भाषा निवडा. एकदा पास झालात की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, २०२१ मध्ये तसं ठरलं. नववी-दहावीच्या पोस्टला टीईटीची सक्ती नाही म्हणून काही जण देतच नाहीत. द्या. कर्नाटकात २०२२ ला १५,००० ग्रॅज्युएट प्रायमरी टीचरांची भरती निघाली ती सहावी ते आठवीसाठीच होती, टीईटी नसणारे नुसते बघत बसले. आणि १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं आधीपासून नोकरीत असलेल्यांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय, रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेत तेवढे सोडून. म्हणजे यातून सुटका नाही.

कन्नडचं आता. कर्नाटक सरकारची नोकरी पाहिजे तर कन्नड वाचता-लिहिता आलंच पाहिजे, मीटिंग कन्नडमध्ये, सर्क्युलर कन्नडमध्ये, बीईओ ऑफिसला अर्ज कन्नडमध्ये. आपल्या भागात भाषेवरून मनं किती दुखावलेली आहेत ते मला माहीत आहे, मीही इथलीच. पण कन्नड शिकल्यानं आपली मराठी कमी होत नाही, उलट मराठी शाळेसाठी खात्याकडं भांडायचं तरी ते पत्र कन्नडमध्ये लिहिणारं कोणतरी आपल्यातलं लागतं. बी.एड.च्या दोन वर्षांत रोज अर्धा तास कन्नड पेपर वाचा, शिवाय वर्गातली अर्धी पोरं घरी कन्नड बोलत असतील तर त्यांना इंग्लिश समजावताना पण ते लागतंय.

महाराष्ट्रात जायचं असेल तर वेगळी तयारी. तिकडं टीईटी पुण्याची परीक्षा परिषद घेते, आणि भरतीसाठी टीएआयटी म्हणून दुसरी परीक्षा, २०० प्रश्न दोन तासांत, स्पीड लागतो. मग पवित्र पोर्टल या भरतीच्या सरकारी वेबसाइटवर शाळांचा पसंतीक्रम. महाराष्ट्राच्या नोकरीच्या जाहिरातीत सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी उमेदवारांसाठी ओळ असते, १५ वर्षं वास्तव्याचा दाखला मागतात. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते आधी बघा आणि दाखला जाहिरात यायच्या आधी काढून ठेवा, जाहिरात आल्यावर पळापळ करून मिळत नाही.

बेळगावात कँटोन्मेंट असल्यामुळं केंद्रीय विद्यालयं आहेत हे विसरू नका. तिथं टीजीटी (हायस्कूलपर्यंत शिकवणारे ग्रॅज्युएट टीचर) इंग्लिशला डिग्रीच्या सगळ्या वर्षांना इंग्लिश, ५० टक्के, बी.एड. आणि सीटीईटीचा म्हणजे केंद्राच्या टीईटीचा पेपर २ लागतो. भरती देशभर होते, पोस्टिंग कुठंही मिळू शकतं, त्याची घरी आधी चर्चा करा, विशेषतः मुलींनी.

सरकारी भरती निघेपर्यंत घरी बसू नका. जूनमध्ये सरकारी शाळांत अतिथी शिक्षक घेतात, शाळा उघडायच्या आधीच बीईओ ऑफिसला आणि आसपासच्या हेडमास्तरांना भेटून या, इंग्लिशची जागा रिकामी असतेच कुठंतरी. मानधन कमी आहे, उशिरा येतंय, पण अनुभवाचा दाखला मिळतो. प्रायव्हेट इंग्लिश मीडियम शाळांच्या जाहिराती मार्च-एप्रिलपासून तरुण भारतमध्ये येत असतात, तिथं डेमो लेसन घेतात, दहा-पंधरा मिनिटं. डेमोला कविता घेऊ नका, कवितेत टीचरच बोलत राहतात. छोटा उतारा घ्या आणि पोरांना बोलायला लावा, बघणारे तेच बघतात. नेमणुकीचं पत्र हातात घ्या, सही कितीवर घेतात आणि खात्यात किती येतात हे दोन्ही आकडे एक आहेत का बघा. आणि ओरिजिनल सर्टिफिकेट कुणी ठेवून घ्यायचं म्हणाले तर देऊ नका, दाखवायची आणि परत घ्यायची, झेरॉक्सवर सही करून द्यायची.